परसातली भाजी नक्की कोण खातंय? शिराळं, मिरची, वांगं, चवळी, सगळं एकदम (गुहागर)

पागोळी | ९ ऑगस्ट, सकाळी ११:२०

मंडळी, मदत हवी आहे. मुंबईची नोकरी सोडून गुहागरजवळ सासरच्या घरी राहायला आले, त्याला हा दुसरा पावसाळा. गेल्या वर्षी परसात कमरेएवढं गवत होतं. यंदा मृगात मांडव घातला, त्यावर शिराळं, पडवळ आणि तवसं (काकडी). खाली वाफ्यांत भेंडी, वांगी, मिरची, लाल माठ आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेने चवळी. ऋषीपंचमीची भाजी यंदा घरचीच, असं सासूबाईंना मोठ्या तोंडाने सांगून बसलेय. पंचमी तीन आठवड्यांवर आली आणि परसात हे असं चाललंय:

शिराळ्याला फळ धरतं, बोटाएवढं होतं, वाकडं होतं आणि पिवळं पडून गळतं.

मिरचीची शेंड्याची पानं आकसून गोळा झाली आहेत.

वांग्याची सहा झाडं. त्यातलं एक परवा सकाळी बघते तर मान टाकून उभं. पानं हिरवीगार, पण लोंबलेली. मी भर पावसात त्याला तांब्याभर पाणी घातलं, सासूबाई ओटीवरून बघून हसल्या. आणखी दोन झाडांचे नुसतेच शेंडे सुकलेत.

चवळीची रोपं तर रोज रात्री नाहीशी होतात. वीतभर वाढलेली, सकाळी जमिनीपासून अर्ध्या इंचावर कापलेली.

दुकानातून औषध आणलं होतं. दुकानदाराने मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत ओतून दिलं, "सगळ्या किडींवर चालतं" म्हणाला. दोनदा मारलं. मिरची उलट जास्तच बिघडली. आंब्याच्या वेळचा फळमाशीचा सापळा पडून होता, तोही मांडवाला टांगलाय. त्यात माश्या पडतात, पण शिराळी गळायची थांबत नाहीत. ही सगळी एकच कीड आहे का? फोटो चढत नाहीयेत, रेंजची बोंब आहे.

रिकामटेकडा | ९ ऑगस्ट, सकाळी ११:४१

चवळी माकडांनी नेली. कोकणात काहीही गेलं की माकडांनीच नेलेलं असतं. नारळीभात झाला का आज?

घाटमाथा | ९ ऑगस्ट, दुपारी १२:१५

ताई, झाकणभर औषधाने काय होणार? आमच्याकडे कोल्हापूरला टोमॅटोला आठवड्याला एक फवारा असतोच. दोन औषधं एकत्र करून जरा कडक मारा, सगळं साफ होईल.

भिंगवाला | ९ ऑगस्ट, दुपारी २:०५

घाटमाथा, तुमचा एकरभर टोमॅटो बाजारात जातो, ह्यांची सहा वांगी ह्यांच्याच ताटात येणार आहेत. कृपा करून "कडक मारा" नको.

पागोळीताई, ती बाटली बाजूला ठेवा. लेबल नसलेल्या औषधात काय आहे, किती पाण्यात घालायचं, मारल्यावर भाजी किती दिवस तोडायची नाही, यातलं काहीच कळत नाही. सुट्टं औषध कधी घेऊच नये.

तुमच्याकडे एक कीड नाही. निदान चार वेगळ्या भानगडी आहेत, आणि त्यातली एखादी कीडच नसेल. मी दापोलीला कृषी पदवी केली, त्यामुळे सल्ला द्यायची खाज आहे, पण न बघता औषध सांगणार नाही. आज चार वस्तू हाताशी घ्या: सुरी, पांढरा कागद, काचेचा पेला आणि बॅटरी.

सुरी शिराळ्यासाठी. गळलेली आठदहा फळं उभी चिरा आणि आत काय दिसतं ते एकेकाचं लिहून ठेवा. चिरण्याआधी सालीवर टाचणी टोचल्यासारखं भोक किंवा डिंकाचा थेंब आहे का, तेही बघा.

पांढरा कागद मिरचीसाठी. शेंड्याखाली कागद धरून फांदीला टिचक्या मारा आणि मिनिटभर टक लावून बघा. त्याआधी एक सांगा, पानाच्या कडा वर वळून होडी झालीय, की खाली वळून होडी पालथी पडलीय?

पेला वांग्यासाठी. मान टाकलेलं झाड उपटा, बुंध्याजवळचा दोनतीन इंचांचा तुकडा कापा आणि स्वच्छ पाण्याच्या पेल्यात असा लटकवा की कापलेलं टोक पाण्यात बुडेल. पेला हलवायचा नाही. पाच मिनिटं उजेडाकडे धरून बघायचं. नुसते शेंडे सुकलेत ती झाडं उपटू नका, ते प्रकरण वेगळं आहे.

बॅटरी चवळीसाठी. रात्री नऊनंतर.

पांढरा_कांदा | ९ ऑगस्ट, दुपारी ४:३०

अलिबागहून. भिंगवाला सांगतायत ते सगळं करा, पण राखसुद्धा टाका हो. चुलीची राख चाळून सकाळी दव असताना पानांवर भुरभुरायची. आमच्या सासूबाई दुसरं काही मारत नसत. आणि ते ठिपक्यांचे गोल किडे दिसले की चिरडायचे, कारल्याच्या पानांची जाळी करतात मेले.

भिंगवाला | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:१०

काकू, राख चालेल, पण ऑगस्टच्या पावसात ती तासभर टिकली तरी नशीब. दिवाळीनंतर वालावरच्या माव्यावर (रस शोषणाऱ्या बारीक किडीवर) मात्र चांगली चालते.

ठिपक्यांच्या किड्यांबद्दल जरा थांबा. दोन आहेत. पानं खाणारा हाडा भुंगेरा मळकट, निस्तेज, अंगावर बारीक लव असलेला. त्याच्या पाठीवर बरेचदा अठ्ठावीस ठिपके असतात आणि पिलं पिवळी, काटेरी. तो पान वरवर खरवडतो, शिरा तशाच ठेवतो, म्हणून जाळी दिसते. दुसरा चकचकीत, वॉर्निश केल्यासारखा, ठिपके कमी किंवा नुसते आडवे पट्टे. तो मावा खातो, त्याची पिलंही मावा खातात. त्याला चिरडलंत तर आपल्याच राखणदाराला मारलंत. पुसून ठेवलेली पितळी आणि न पुसलेली पितळी, एवढाच फरक डोळ्यांसमोर ठेवा.

पांढरा_कांदा | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२५

अगं बाई. म्हणजे चाळीस वर्षं मी दोन्ही चिरडतेय.

पागोळी | १० ऑगस्ट, सकाळी ९:५०

सुरीचा निकाल. नऊ शिराळी चिरली. सहांत पांढऱ्या अळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, आणि गर सडून पिचपिचीत. दोन अळ्या ताटलीतून उडी मारून ओट्यावर पडल्या! अळी उडी मारते हे मला ठाऊकच नव्हतं, मी किंचाळले. या सहांच्या सालीवर बारीक भोक होतं, दोनांना डिंक. उरलेली तीन मात्र आतून स्वच्छ. अळी नाही, भोक नाही, बिया अगदी नखाच्या कडेएवढ्या, फुसक्या.

मिरचीच्या कडा खाली वळल्यात. होडी पालथी. कागदावर काहीच पडलं नाही. पानाची मागची बाजू चकाकते, तांबूस आहे, तेल लावल्यासारखी.

भिंगवाला | १० ऑगस्ट, सकाळी ११:३०

शाब्बास. नऊ फळांत दोन वेगळी कारणं निघाली.

उडी मारणारी अळी फळमाशीची. मोठी झाली की ती अंग धनुष्यासारखं वाकवते आणि उडते, मातीत शिरून कोष करते. मादी कोवळ्या फळाच्या सालीत सुईसारखी नळी खुपसून अंडी घालते. टोचलेल्या बाजूची वाढ खुंटते, म्हणून फळ वाकतं.

तुमच्या सापळ्याबद्दल. आंब्यासाठी दापोलीच्या विद्यापीठाने रक्षक सापळा काढला, तुमचाही त्याच जातीचा असणार. त्यात मिथाइल युजेनॉल असतं, त्याच्या वासाला आंब्यावरच्या फळमाशीचे नर येतात. शिराळं, पडवळ, काकडी टोचणारी माशी वेगळी, तिच्या नराला क्यू ल्यूर नावाचं दुसरं आमिष लागतं. म्हणजे सापळा त्याचं काम चोख करतोय, पण दुसऱ्याच गावच्या चोरांना पकडतोय. क्यू ल्यूरची वडी आणून वेगळ्या डब्यात लावा. दोन्ही सापळ्यांत नरच येतात, त्यामुळे नुसत्या सापळ्यावर विसंबू नका. खाली पडलेलं एकही फळ रात्रभर मातीवर राहता कामा नये. रोज वेचा, बादलीत पाण्यात बुडवून ठेवा किंवा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका. खतखड्ड्यात बिलकुल नको, तिथे त्यांचं बाळंतघर होईल.

आणि ज्या फळांना खायचंय त्यांना फूल गळताक्षणी कागदी पिशवी किंवा जुन्या मच्छरदाणीची थैली बांधा.

उरलेली तीन फळं किडीने गेली नाहीत, त्यांचं लग्नच लागलं नाही. पावसात मधमाश्या फिरत नाहीत आणि शिराळ्याचं फूल उमलतं संध्याकाळी. मागे बारीक शिराळं असलेलं ते मादी फूल, नुसत्या देठावरचं ते नर. संध्याकाळी सहाच्या सुमाराला नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मधोमध हलकं फिरवा. एका नरात दोनतीन माद्या होतात. काकडीसाठी हे सकाळी करायचं.

रिकामटेकडा | १० ऑगस्ट, सकाळी ११:५२

एका नरात दोनतीन. धागा कुटुंबांसाठी आहे ना?

भिंगवाला | १० ऑगस्ट, दुपारी १२:०५

(रिकामटेकड्याकडे दुर्लक्ष करून) मिरची. कडा वर वळून होडी झाली असती तर फुलकिडे म्हटलं असतं, आणि टिचकी मारल्यावर कागदावर पिवळट बारीक काड्या पळताना दिसल्या असत्या. कडा खाली, पाठ चकाकती आणि तांबूस, कागद कोरा, म्हणजे कोळी (जाळं विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारा). नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दहापटीचं भिंग लागतं. आपण दोन्हीला सरसकट बोकड्या म्हणतो, चुरडामुरडा म्हणतो, आणि तिथेच औषध चुकतं. फुलकिड्यांना कोरडी हवा मानवते, ह्या कोळ्याला दमट. श्रावणातल्या गुहागरात मला आधी कोळ्याचाच संशय येणार.

"औषध मारल्यावर जास्त बिघडली" हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. बाटलीत काय होतं देव जाणे, पण "सगळ्यावर चालतं" अशा बऱ्याच औषधांनी कोळी मरत नाही, त्याला खाणारे मात्र मरतात. मग त्याला रान मोकळं. कोळी किडा नाही, आठ पायांचा आहे, त्याचं औषध वेगळं.

सर्वांत वाईट गोळा झालेले शेंडे खुडून जाळा. पाण्यात विरघळणारं गंधक, ८० टक्क्यांचं, लेबलावरच्या प्रमाणात (साधारण २ ग्रॅम लिटरला), दिवसभर उघडीप मिळेल तेव्हा पानांच्या खालून मारा. आठदहा दिवसांनी पुन्हा एकदा. मांडवावर उडू देऊ नका, काकडी-शिराळ्याची पानं गंधकाने करपतात. आणि वळलेली पानं परत सरळ होणार नाहीत, ती बघून रडू नका. नवा शेंडा सपाट आला की समजा काम झालं.

गच्चीतली_शेती | १० ऑगस्ट, दुपारी ३:१८

रत्नागिरी शहर, चौथा मजला. धागा चोरतेय, माफ करा. माझ्या टोमॅटोच्या पानांवर पांढऱ्या नागमोडी रेघा आहेत. आणि गुलाबाच्या पानांच्या कडेला कुणीतरी कात्रीने अर्धगोल कापून नेलेत, अगदी एकसारखे. अळी दिसत नाही.

भिंगवाला | १० ऑगस्ट, दुपारी ४:००

रेघा नागअळीच्या. पानाच्या दोन पदरांमध्ये राहते, म्हणून वरून मारलेलं फारसं पोचत नाही. पान उजेडासमोर धरा, रेघेच्या रुंद टोकाला अळी दिसेल, तिथेच चिमटीत दाबा. खालची दोनचार पानं तोडून टाकलीत तरी झाड मरत नाही.

अर्धगोल कापणारी मधमाशी आहे. तुकडे नेऊन पिलांसाठी घरटं अस्तरते. खात नाही. राहू दे तिला.

गच्चीतली_शेती | १० ऑगस्ट, दुपारी ४:११

काय सांगता! मी तिच्यासाठी निंबोळी तेल आणून ठेवलंय.

पागोळी | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

पेल्याचा निकाल, आणि माझ्या अंगावर अजून काटा आहे.

वांग्याचा बुंधा कापला, पेल्यात लटकवला, खिडकीत धरला. पहिली दोन मिनिटं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, वांग्याचा काढा करतेस का? आणि मग कापलेल्या टोकातून पांढरा धागा खाली उतरायला लागला. अगदी बारीक, दुधाचा. उदबत्तीचा धूर उलटा खाली यावा तसा. मग दुसरा, तिसरा. दहा मिनिटांत तळाशी पाणी गढूळ. हसणाऱ्या सासूबाईच चष्मा लावून बघत बसल्या.

शेंडे सुकलेल्या झाडाचाही एक तुकडा तसाच लावून बघितला. त्यातून काही आलं नाही. पण तो शेंडा उभा चिरल्यावर आत गुलाबी अळी निघाली, बाहेर भोकाला भुसा लागलेला.

भिंगवाला | ११ ऑगस्ट, सकाळी १०:१५

तो दुधाचा धागा म्हणजे जिवाणू. जिवाणूजन्य मर. आपल्या जांभ्याच्या आम्ल मातीत, पावसाच्या ओलीत, वांगी-टोमॅटोला हा त्रास फार. कीड नाही, त्यामुळे कोणताही फवारा कामाचा नाही. झाड मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट काढून जाळा. त्या जागेवरचं पाणी दुसऱ्या वाफ्यात जाणार नाही असा चर काढा. विळा-कोयती धुऊन मगच दुसऱ्या झाडाला लावा. त्या जागी निदान दोनतीन वर्षं वांगं, टोमॅटो, मिरची, बटाटा नको. मका लावा, भेंडी लावा.

शेंड्यातली गुलाबी अळी ही शेंडा आणि फळ पोखरणारी. हे त्यामानाने सोपं. सुकलेला शेंडा दोन इंच खालपासून कापा, अळीसकट पाण्यात टाका. दर दोनतीन दिवसांनी फेरी मारा. पुढे हीच अळी वांग्यात शिरते, मग वांगं चिरताना आपल्यालाही ओरडावं लागतं.

घाटमाथा | ११ ऑगस्ट, सकाळी १०:४०

पेल्याचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे गेल्या वर्षी टोमॅटो असाच उभ्या उभ्या गेला, मी चार वेळा बुरशीनाशक ओतलं. उद्या एक झाड कापून बघतो.

पागोळी | १२ ऑगस्ट, रात्री ११:०५

बॅटरीचा निकाल. म्हणजे अर्धा निकाल.

काल रात्री साडेनऊला गेले. छत्री, बॅटरी, मागे कुत्रा. पपईच्या रोपाच्या खोडावर एक, माठावर चार, मांडवाच्या खांबावर दोन, अशा मुठीएवढ्या शंखांच्या गोगलगायी! दिवसा एकही दिसत नाही. गडग्याच्या सांदीत झोपत असणार. मोजून तेवीस गोळा केल्या. चोर सापडला म्हणून खूश होऊन परत आले.

पण आज सकाळी पुन्हा चवळीची पाच रोपं गायब. गोगलगायी बादलीत, आणि चवळी तरी कापलेलीच.

भिंगवाला | १२ ऑगस्ट, रात्री ११:३०

मुठीएवढ्या म्हणजे आफ्रिकन. ही इथली नाही. १८४७ साली मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. हात लावताना प्लास्टिकची पिशवी किंवा हातमोजा घाला, तिच्यातून माणसाला कृमीचा आजार होऊ शकतो. बादलीत मिठाचं दाट पाणी करून त्यात टाका. मीठ वाफ्यात मात्र टाकू नका, माती जाते. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली कोबीची पानं ठेवा, सकाळी सगळ्या तिथे जमलेल्या सापडतील. मातीत साबुदाण्यासारखी पिवळट अंड्यांची पुंजी दिसली तर ती आधी काढा. गोगलगायीच्या विषारी गोळ्या मिळतात, पण तुमच्याकडे कुत्रा आहे. नको.

आता चवळी. गोगलगाय कापत नाही, खरवडते. कडा फाटक्या राहतात, लेंडी पडते, चकाकी राहते (पावसात धुऊन जाते हे खरं). तुमचं टोक कसं आहे? आणि कापलेला वरचा भाग तिथेच पडलेला असतो का?

पागोळी | १३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

टोक विळ्याने कापल्यासारखं. वरचा भाग नाहीच. पाच रोपांपैकी एकाचं पान गडग्याजवळ सापडलं, हातभर लांब. माती इंचभर उकरून बघितली, अळी नाही.

भिंगवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ८:००

मग जमिनीखालची कापणारी अळी नाही. ती दिवसा रोपाच्या बुडाशीच मातीत वेटोळं घालून सापडते, आणि रोप बहुतेक वेळा तिथेच आडवं पडलेलं असतं. उंदीर? घूस?

आगरवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ८:४४

वेंगुर्ल्यातसून वाचतंय चार दिस. अगो बाय, कसली अळी नि कसलो उंदीर. गडग्याच्या पायथ्याक बिळां आसत काय बघ. बिळाच्या तोंडार मातयेचे ओले गोळे आसले तर ती कुर्ली. जवळ पाणी वाहता काय?

पागोळी | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०२

गडग्यापलीकडे पऱ्या आहे!!

आगरवाला | १३ ऑगस्ट, सकाळी ९:०६

मग इचारूक कित्याक होया.

पागोळी | १३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

तीन बिळं. तिरकी, तळहाताएवढ्या तोंडाची, बाहेर चिखलाच्या गोळ्या ओळीने मांडून ठेवल्यासारख्या. मधल्या बिळाच्या तोंडात चवळीचा देठ, अर्धा आत ओढलेला. सासूबाईंना दाखवलं तर म्हणतात, "मग? मुठे आहेत ते. भाताची रोपं कापतात, बांध फोडतात. मला विचारलंस कुठे?"

रिकामटेकडा | १३ ऑगस्ट, सकाळी १०:२५

चार दिवस शास्त्र चाललंय आणि उत्तर ओटीवर बसलं होतं.

भिंगवाला | १३ ऑगस्ट, सकाळी १०:५०

कबूल. भातखाचरातले खेकडे मला तोंडपाठ आहेत, परसात डोक्यात आले नाहीत.

पांढरा_कांदा | १३ ऑगस्ट, सकाळी ११:३०

नव्या रोपांना प्लास्टिकच्या बाटलीचं तळ-तोंड कापून नळकांडं घाला. दोन इंच मातीत, चार इंच वर. आमच्याकडे वालाला तसंच करतो. रोप टणक झालं की काढायचं.

आगरवाला | १३ ऑगस्ट, दुपारी १२:१०

नळकांडां कशाक? रातीची बॅटरी घेवन जा, पाटल्यान धर, सार कर.

पागोळी | १३ ऑगस्ट, दुपारी १२:१४

श्रावण आहे हो दादा. घरात कांदा-लसूणसुद्धा नाही.

आगरवाला | १३ ऑगस्ट, दुपारी १२:१६

कुर्लेक ह्या म्हायती आसा, म्हणान तर ती चवळी खाता.

घाटमाथा | १६ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४५

माझ्या टोमॅटोच्या तुकड्यातून काहीच आलं नाही, पाणी अर्धा तास स्वच्छ. बुंधा उभा चिरला तर आत तपकिरी रेघ. मग हे काय?

भिंगवाला | १६ ऑगस्ट, रात्री ८:१०

धागा नाही आणि आत तपकिरी रेघ, तर बुरशीची मर असण्याची शक्यता जास्त. मुळंही बघा. मुळांवर गाठी असतील तर सूत्रकृमीही (मुळांत शिरणारा सूक्ष्म कृमी) आहे. चवळीच्या मुळांवरच्या चांगल्या गाठींशी गल्लत करू नका. त्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात, आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं, सुटत नाही. तुमचा धागा वेगळा काढा, शेतीचं प्रमाण इथे नको.

पागोळी | २९ ऑगस्ट, दुपारी ४:००

काल ऋषीपंचमी झाली. हिशेब देते.

शिराळी पाच. सगळी पिशवीतली, सगळी संध्याकाळी छत्रीखाली उभं राहून माझ्या हाताने लग्न लावलेली. नऊ फुलं केली होती, दोन पावसाने गेली, दोन पिशवी बांधायच्या आधीच टोचली. पडवळ एक, भेंडी ओंजळभर, माठ भरपूर, अळू तर काय विचारता. वांगी नव्हती, वांग्याचं चौथं झाडही काल मान टाकून उभं आहे, पेल्यात लावायची गरज पडली नाही. मका आणि सुरण शेजारच्या काकींकडून. म्हणजे भाजी "घरची" म्हणताना सासूबाईंनी घशात थोडं अडकवून म्हटलं, पण म्हटलं.

मिरचीला दोनदा गंधक मारलं. जुनी पानं तशीच वेडीवाकडी, पण वरचे चार शेंडे सपाट आलेत. फूल एकच.

गोगलगायी आतापर्यंत एकशे चाळीस. रोज रात्री मोजून वहीत लिहिते, गेल्या तीन रात्री दहाच्या आत.

चवळी पुन्हा पेरली, बाटल्यांची नळकांडी घातली. अकरा रोपं उभी आहेत. बारावं काल रात्री गेलं. त्याचं नळकांडं मी फक्त इंचभर पुरलं होतं, खालून कोरून नेलं. बिळाच्या तोंडाशी निळं झाकण पडलेलं सापडलं.

आगरवाला | २९ ऑगस्ट, दुपारी ४:०९

श्रावण सोपलो मां. गणपती गेले काय सांग, मी येतंय.